हत्तीच्या बंदुकीची काडतुसं

मोळीवालीची मुलगी बिबळ्याने नेली, ही बातमी आमच्याकडे दूधवाल्याने आणली. चैत्राचे दिवस होते. खडवलीच्या पलीकडे, भातसा नदीच्या अंगाला कातकऱ्यांची एक वाडी होती. तिथली ती बाई लाकडाची मोळी घेऊन कल्याणला यायची आणि आमच्या दारात पाणी पिऊन पुढे जायची. मुलगी बरोबर असायची. आईच्या मोळीतून निसटलेली काटकी न काटकी उचलत मागून चालणारी. त्या दिवशी दोघी उजाडता उजाडता मोहाची फुलं वेचायला गेल्या होत्या. आई एका झाडाखाली, मुलगी पुढच्या झाडाखाली. आईने मान वर केली तेव्हा टोपली होती, मुलगी नव्हती.

हे दाढी करत होते. वस्तरा खाली ठेवून त्यांनी दूधवाल्याला एवढंच विचारलं, की पावलं कुणी पाहिली का. त्याला काही माहीत नव्हतं. तोंडावरचा साबण पुसून हे तसेच स्टेशनावर गेले आणि कसाऱ्याच्या गाडीने खडवलीला उतरले. संध्याकाळी परत आले, चपला न काढता ओट्यावर बसले.

"मागचा उजवा पाय टेकत नाही," ते म्हणाले. "तोच आहे."

तोच म्हणजे कोण, हे सगळ्या कल्याणात मला एकटीला कळलं असतं.

ह्यांची हकिकत सांगायला हवी. सतराव्या वर्षी हे चुलत्याबरोबर आफ्रिकेत गेले, टांगानिकात. शिकारीला येणाऱ्या गोऱ्या लोकांना तंबू, मोटारी, बंदुका पुरवणारी एक पेढी होती, तिच्या कोठीवर लागले. बंदुका पुसायच्या, काडतुसं मोजून द्यायची, आणि गिऱ्हाइकांनी उडवून आणलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरून ठेवायच्या, हे त्यांचं काम. पुढे स्वतःही शिकारीला जाऊ लागले. लग्न झाल्यावर मी पोळ्या लाटत असायची आणि हे उंबऱ्यावर बसून मला कुठल्या जनावराला कुठली बंदूक ते सांगत असायचे. लहान हरणाला केवढी नळी, रानरेड्याला केवढी, हत्तीला केवढी. मोठी बंदूक म्हणजे चांगली बंदूक असं नसतं, हे ते पुन्हापुन्हा सांगत. हत्तीच्या कपाळाचं हाड फोडून आत जायचं तर गोळीवर सगळीकडून कडक कवच लागतं; तिला ते सॉलिड म्हणत. सिंहाला, बिबळ्याला, हरणाला मऊ तोंडाची गोळी, जी अंगात शिरली की फुलते. मला त्यातलं काय कळत होतं? पण ह्यांचा चेहरा तेव्हा उजळायचा, म्हणून मी ऐकायची आणि पोळी करपवायची.

सासरे वारले तेव्हा हे परत आले आणि आमचं लग्न झालं. तिकडच्या हिवतापानेही पोखरले होते. वर्षभर राहायचं, मला घेऊन परत जायचं, असा बेत होता. म्हणून येताना बरोबर एकच बंदूक आणली, तीनशे पंचाहत्तरची. इथे बिबळ्या-डुकरांना तीनशेतीन पुरली असती, पण ती फौजेच्या मापाची, खाजगी माणसाला ठेवायची मनाई. आणि ह्यांचा हिशेब असा, की परत गेल्यावर रानरेड्याला, हत्तीला हीच लागणार. ठाण्याच्या कचेरीतून परवाना काढला. मग एका वर्षाची दोन झाली, पुन्हा तिकडे जाऊन राहायचा परवाना काही येईना. मऊ गोळीची काडतुसं शेतातल्या डुकरांवर संपली. परदेशातून माल यायचा बंद झाला होता. मुंबईच्या दुकानदाराने हात वर केले. पेटीत उरली ती हत्तीची.

आदल्या पौषात त्या वाडीच्या बाजूला बिबळ्या शेळ्या उचलू लागला तेव्हा लोक ह्यांच्याकडे आले. हे गेले आणि दिवस मावळताना आडोशाला बसून त्यांनी त्याच्यावर गोळी घातली. हत्तीची गोळी. ती त्याच्या ढुंगणातून सुईसारखी आरपार गेली आणि मागे मातीत रुतली. जनावर उडालं आणि करवंदीच्या जाळीत शिरलं. तीन दिवस हे त्याच्या मागावर होते. रक्त थेंब थेंब, मग तेही नाही. घरी येऊन म्हणाले, मऊ गोळी असती तर जागेवर पडला असता. आता कुठेतरी मरून पडेल. आम्ही दोघांनी ते खरं धरलं.

तो मेला नव्हता. तीन पायांवर त्याला शेळी सापडेना, कुत्रं सापडेना. वाकून फुलं वेचणारी पोर सापडली.

खडवलीहून परत आले त्या संध्याकाळपासून ह्यांचे हात थरथरायला लागले. पहिल्यांदा मला वाटलं, हिवताप उलटला. कपाळाला हात लावला तर अंग गार. चहाची बशी धरता येईना. बंदूक मात्र रोज काढून पुसत. मी म्हटलं, अशा हातांनी नेम कसा धरणार? तर म्हणाले, खांद्याला लागली की थांबतं. माझा विश्वास बसला नाही. मला वाटतं, त्यांचाही नव्हता.

जंगल खात्याचा एक माणूस येऊन वाडीजवळ मचाणावर बसून गेला. त्याला काही दिसलं नाही. वाडीतले पुरुष आठ-दहाच्या घोळक्याने पाण्याला जाऊ लागले. मोहाची फुलं झाडाखाली कुजली, आणि त्या लोकांचं चार महिन्यांचं पोट त्या फुलांवर असतं.

हत्तीची काडतुसं घेऊन पुन्हा जायला हे तयार नव्हते. पुन्हा आरपार जाईल, पुन्हा लंगडा करून सोडीन, म्हणायचे. मी विचारलं, गोळीचं टोक कानशीने घासून मऊ शिसं उघडं केलं तर? मी विषाचं नाव घेतल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले. तिकडे एकाने तेच केलं होतं. आतलं शिसं पुढे निघून गेलं, कवच नळीतच अडकून राहिलं, आणि पुढच्या बाराला बंदूक त्याच्या तोंडावर फुटली. शिवाय ती काडतुसं तरी कुठे धड होती? कल्याणचे दोन पावसाळे त्यांनी खाल्ले होते. बुडाच्या टोप्यांवर हिरवट बुरशी चढली होती. टोपी म्हणजे पुंगळीच्या बुडाला बसवलेली तांब्याची इवलीशी वाटी. बंदुकीचा खिळा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते आणि आतली दारू पेटते. टोपी मेली की काडतूस मेलं.

म्हणून हे म्हणाले की सगळंच नव्याने भरायचं. पुंगळ्या आहेत, दारू आहे, टोप्या मिळवू, आणि गोळ्या नुसत्या शिशाच्या ओतू. शिशाची गोळी जोरात मारता येत नाही, नळीतच वितळते, म्हणून दारू कमी घालायची. किती कमी, याचा अंदाज ह्यांच्या डोक्यात होता. पण तो तोलणार कोण? त्या थरथरत्या हातांतून दारू पाटावर सांडली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी सोनाराची मुलगी. आमचे दादा कल्याणच्या बाजारात सोनारकाम करायचे. मुलगा नव्हता, त्यांची नजर अधू झालेली, म्हणून लग्नाआधी दुकानामागच्या खोलीत मी गुंजभर सोनंही तोलत असे आणि मूस आचेवर धरत असे. बाहेर कुणाला सांगायचं नाही, एवढीच अट. त्या दिवशी मी दादांकडे गेले आणि काटा, मूस, फुंकणी आणि समुद्रफेनाचे तुकडे मागितले. कशाला, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी काट्याची पेटी स्वतः पुसून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तू भरलेलं काडतूस उडालं नाही, तर तो माणूस परत येणार नाही. हे कळतंय ना तुला?"

मला कळत होतं. घरी येईपर्यंत दुसरं काही कळत नव्हतं.

काम दिवसा चालायचं, स्वयंपाकघरात, जेवणं उरकली की. दारू होती ती तांबूस शेवयांसारखी, लांब काड्यांची. जुन्या काडतुसांची गोळी उपसून त्या काड्या बाहेर काढायच्या. मी शेवया निवडायच्या ताटातच त्या निवडल्या. पुढे कित्येक वर्षं त्या ताटात मला जेववलं नाही. मेलेल्या टोप्या पुंगळीतून काढणं फार कष्टाचं होतं, त्या मधोमध टोचून निघत नाहीत. ह्यांनी तिकडची युक्ती सांगितली. पुंगळीत काठोकाठ पाणी भरायचं, तोंडात घट्ट बसेल असा लाकडी दांडा घालायचा आणि वरून एकच हातोडा घालायचा. पाण्याच्या धक्क्याने टोपी खालून उडते. पहिल्या दिवशी पाणी माझ्या तोंडावर उडालं, दांडे मोडले. दुसऱ्या दिवशी हात बसला. मग पुंगळ्या उन्हात वाळवल्या.

नव्या टोप्या मुरबाडकडच्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने दिल्या, लढाईच्या आधीचा पत्र्याचा डबा. शिसं खाडीवरच्या कोळ्यांकडून आणलं, जाळ्याला लावायची वजनं. त्यात कल्हईतलं थोडं कथील, नाहीतर फार मऊ होतं. समुद्रफेन म्हणजे माकूळ नावाच्या माशाच्या पाठीचं पांढरं, भुसभुशीत हाड. सोनार त्यात दागिन्याचा ठसा उठवतात. दोन तुकडे घासून सपाट केले, मध्ये हत्तीची गोळी दाबून ठसा घेतला, तुकडे तारेने बांधले आणि वरच्या भोकातून शिसं ओतलं. हाड जळाल्याचा वास घरभर पसरला. एका ठशात एक-दोन गोळ्या, मग तो जळून जायचा. कितीतरी गोळ्यांना पोकळी पडली. त्या मी पुन्हा मुशीत टाकल्या. चांगल्या निघाल्या त्या घासून, मेण लावून ठेवल्या. पुंगळीत टोपी, मग तोललेली दारू, दारू बुडाशी टेकून राहावी म्हणून वर सावरीच्या कापसाचा बोळा, मग गोळी. हे शेजारी बसून बघायचे. हात मांडीखाली दाबून धरलेले असायचे.

ओतीव गोळी कुठे लागते हे बघायला दोनच बार काढले, खाडीकाठी, मातीच्या बांधावर. दोन्ही उडाले. गोळ्या बांधातून उकरून काढल्या तर छत्रीसारख्या फुलल्या होत्या. पौषानंतर पहिल्यांदा हे हसले. मीही हसले. आम्हांला वाटलं, जमलं.

वैशाखात वाडीच्या वरच्या अंगाला बिबळ्याने एक वासरू धरलं. त्याला ते ओढून नेता आलं नाही. हे तिथे जाऊन बसले. दिवस मावळायच्या आत बिबळ्या आला, समोर, वीस-पंचवीस पावलांवर, वासराशेजारी टेकून बसला. ह्यांचा हात खरंच थांबला होता. घोडा दाबला. खट्ट एवढाच आवाज झाला. बिबळ्याने वर पाहिलं आणि तो नव्हताच.

परत आल्यावर ह्यांनी ते काडतूस माझ्यापुढे पाटावर ठेवलं. टोपीवर खिळ्याचा खोल वण होता. ते म्हणाले, तुझं काही चुकलेलं नाही, टोपीच मेलेली होती. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी टिटवाळ्याकडच्या एका पाड्यावर आंबे राखायला बसलेला म्हातारा गेला. कुडाच्या झोपडीतून ओढून नेला. ही बातमी हे ठाण्याच्या कचेरीत मदत मागायला गेले असताना आली, आणि ती मला त्यांना सांगावी लागली. ते ऐकून आत गेले, भिंतीकडे तोंड करून बसले. मी जेवायला वाढलं, ताट तसंच उचललं. दुसऱ्या दिवशीही.

आता डब्यातल्या टोप्यांवर माझा भरवसा उरला नव्हता. पण टोपी जिवंत की मेली हे बघायचा उपाय कुठे होता? फोडून पाहिलं तर कळतं, आणि फोडली की ती संपते. दिसायला सगळ्या सारख्या, लख्ख. मी त्या उन्हात धरून बघितल्या, वास घेऊन बघितल्या, शेवटी तर वेड्यासारखी कानाशी धरून बसले. ह्यांनी काही टोप्या रिकाम्या पुंगळ्यांत बसवून बंदुकीने फोडून पाहिल्या. निम्म्याच्या आसपास उडाल्या. म्हणजे मी भरलेलं दर दुसरं काडतूस मेलेलं, आणि कुठलं ते कुणालाच माहीत नाही.

मी त्यांना जाऊ नका म्हटलं. आतापर्यंत म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, दुसरा कुणी शिकारी शोधा, मुंबईहून बोलवा, सरकारला सांगा, मला हे काडतूस तुमच्या हातात द्यायचं नाही.

"सगळ्यांना सांगून झालंय," ते म्हणाले. "पावसाळ्याच्या तोंडावर कोण येतंय? आणि रान वाढलं की तो दिसायचाही नाही. चार महिने रोज कुणी ना कुणी."

"आणि तुम्हांला काही झालं म्हणजे?"

"तू भरून दे," ते म्हणाले. "बाकी मला सांगू नकोस."

मी भरून दिली. दुपारभर बसून पाच भरली. प्रत्येक टोपी बसवताना मी देवाचं नाव घेतलं नाही, कारण मेलेल्या टोपीवर कुणाचं नाव घ्यायचं आणि जिवंत टोपीवर कुणाचं, हे मला समजेना. ह्यांनी ती खिशात टाकली आणि ते गाडीला गेले.

पुढचं मला गेलेल्या मुलीच्या बापाने सांगितलं, आणि थोडंसं ह्यांनी, कितीतरी नंतर. बाप वाट दाखवायला बरोबर होता, हातात कोयता. नदी ओलांडून दोघे वरच्या ओहोळाकडे निघाले. चालता चालता ह्यांनी त्याला सांगून टाकलं. तुझी पोर माझ्यामुळे गेली. पौषात मीच त्याला अर्धवट मारून सोडला.

बाप पुढे चालत होता. थांबला नाही.

"ठावं हाय," तो म्हणाला. "वाडीत समद्यांना ठावं हाय."

बरंच चालल्यावर पुन्हा म्हणाला, "बंदूक तुमच्याकडंच हाय. मग कुणाला बोलवावं?"

ओहोळात जिथे थोडं पाणी उरलं होतं तिथे कडेच्या चिखलात ताजी पावलं होती, तीन पायांची. दुपारचं ऊन कलायला लागलं होतं. दोघे खडकाआड बसले. बिबळ्या पाण्यावर आला नाही. तो मागून आला, ते बसले होते त्याच बाजूने, आणि बापाने त्याला आधी पाहिलं. ह्यांनी वळून बार काढला. उडाला. गोळी छातीत बसली, त्याला खाली पाडलं. शिसं फुललं होतं, ते नंतर दिसलं. पण तो पडल्या जागेवरून उठला आणि सरळ ह्यांच्यावर आला. ह्यांनी दुसरं काडतूस आत ओढलं. खट्ट. तिसरं ओढायला वेळ मिळाला नाही. ह्यांनी डावा हात पुढे केला, गळा वाचवायला. त्याने तो हात कोपरापासून मनगटापर्यंत चावला. बाप पळाला नाही. त्याने कोयत्याने बिबळ्याच्या मानेवर घाव घातले, हलायचा थांबेपर्यंत, आणि थांबल्यावरही.

ह्यांना वाडीतल्या लोकांनी झोळीत घालून स्टेशनावर आणलं. मला निरोप आला तेव्हा मी कल्याणच्या फलाटावर जाऊन उभी राहिले. गाडी आली. हात त्यांच्याच धोतराने बांधलेला होता आणि ते शुद्धीवर होते. मला बघून पहिलं वाक्य बोलले ते हे, की पहिलं उडालं.

ठाण्याच्या सरकारी इस्पितळात महिना गेला. बिबळ्याच्या दातांत सडलेलं मांस असतं, जखम आतून कुजते. डॉक्टर हात कापायचं बोलले, मग नव्या इंजेक्शनांनी थांबून बघू म्हणाले. तापात हे तिकडच्या भाषेत बोलायचे. स्वाहिली. मला एक शब्द कळत नसे. कुणाला तरी हाक मारायचे, काहीतरी मोजायला सांगायचे, चिडायचे, विनवायचे. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली आणि माझा नवरा माझ्याशी नव्हे, कुण्या दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्याच माणसांशी बोलत मरतोय, असं मला वाटायचं. मी पलंगाच्या कडेला बसून त्यांचा उजवा हात धरायची. तो आता थरथरत नव्हता.

मुलीचा बाप दोनदा आला. इस्पितळात त्याला कुणी आत सोडेना, तो बाहेर पिंपळाखाली बसला होता. मी बाहेर जाऊन त्याच्याजवळ बसले. बिबळ्याच्या ढुंगणावर जुनी जखम होती, त्याने सांगितलं, किडे पडले होते, अंगावर नुसती कातडी उरली होती. मी त्याला चहा आणून दिला. त्याने बशीत ओतला आणि गार होऊ दिला.

"दुखत असंल त्याला," तो म्हणाला. बिबळ्याबद्दल की ह्यांच्याबद्दल, मी विचारलं नाही.

हात वाचला. म्हणजे खांद्याला लटकत राहिला. कोपर वळेना, बोटं मिटून गेली ती मिटूनच. पावसाळा संपता संपता आफ्रिकेहून पेढीच्या मालकाची तार आली, परवाना मंजूर झाला, बोटीची सोय करतो. ह्यांनी एका ओळीचं उत्तर पाठवलं. काय लिहिलं ते मी वाचलं नाही. बंदूक ठाण्याच्या कचेरीत जमा केली. नेऊन द्यायला मीच गेले, कारण एका हाताने ती पेलत नव्हती. कारकुनाने नळीत डोळा घालून पाहिलं आणि म्हणाला, हिच्यात शिसं चिकटलंय, साफ करून आणा. मी तिथेच बाकावर बसून ती साफ केली. लोक बघत होते.

ह्यांना पुढे लाकडाच्या वखारीत हिशेबाचं काम मिळालं. मुलं झाली. शिकारीच्या गोष्टी त्यांनी मुलांना सांगितल्या नाहीत. मुलांनी हाताचं विचारलं तर म्हणत, लहानपणी पडलो. मुलीचा बाप अधूनमधून येत राहिला. दोघे ओट्यावर बसत, बिडी ओढत, फारसं बोलत नसत. मी पुष्कळदा आतून बघत बसायची. त्या दोघांमध्ये काय होतं त्याला मला शब्द सापडला नाही. माफी म्हणावी तर तसं कुणी काही म्हटलं नव्हतं.

मुलीची आई मात्र पुन्हा आमच्या गल्लीत आली नाही. मोळी ती टिटवाळ्याला विकते, असं बापाकडून कळलं. एकदा, दोन-तीन वर्षांनी असेल, मी टिटवाळ्याला देवदर्शनाला गेले होते. ती समोरून मोळी घेऊन येत होती. मला ओळखलं. मी थांबले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने मोळीचं ओझं मानेवर नीट केलं, नजर माझ्यावरून काढली आणि बाजूने निघून गेली. तिच्या मागे कुणी नव्हतं.

घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं. ते वालाच्या शेंगा सोलत होते, उजव्या हाताने, ताट गुडघ्यांत धरून. ऐकून घेतलं.

"बरी दिसत होती का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, वाळली आहे.

त्यांनी मान हलवली, पुढची शेंग घेतली आणि अंगठ्याने उकलायला लागले. ती उकलेना. मी त्यांच्या हातातून घेतली नाही. थोड्या वेळाने उकलली.